बेण्यातला चोर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

पनवेलच्या बाजारात बटाटा बारा महिने मिळतो. वडापावच्या गाड्या त्याच्यावर चालतात आणि एकादशीची ताटंही त्याच्यावर भागतात. पण तो पनवेलच्या मातीतला नव्हे. आमची जमीन भाताची. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत भात कसा घ्यावा याचा अभ्यास करणारं खारभूमी संशोधन केंद्र पनवेललाच आहे आणि तिथे निघालेल्या भाताच्या जातींना ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ अशी गावाचीच नावं मिळाली आहेत. बटाटा मात्र आमच्याकडे तुर्भ्याच्या बाजारातून येतो. कुठला इंदूरचा, कुठला आग्र्याचा, कुठला घाटावरचा.

घाटावरचा म्हणजे मुख्यतः पुणे जिल्ह्यातला. बोरघाट चढून पलीकडे गेलं की खेड, आंबेगाव, जुन्नर हा बटाट्याचा जुना मुलूख लागतो. आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार तर पावसाळी बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात नोकरीची वर्षं घालवली आणि त्या निमित्ताने या भागात बऱ्याचदा गेलो. तिथे एक गोष्ट दर वर्षी दिसते. पावसाच्या तोंडावर मंचरच्या बाजारात ट्रकच्या ट्रक बटाटा येऊन पडतो. तो खाण्याचा नसतो, लावण्याचा असतो आणि तो येतो थेट पंजाबातून.

ज्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या बटाटा होतो, तिथल्या शेतकऱ्याला लावण्यासाठी बटाटा पंजाबहून का आणावा लागतो? एकराला आठ-दहा क्विंटल बेणं लागतं. या पिकाच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा तोच असतो. मग आदल्या वर्षीचा घरचा बटाटा ठेवून तोच का लावत नाहीत? शेतकऱ्याचं उत्तर एका वाक्याचं असतं: घरचं बेणं बिघडतं. हे ‘बिघडणं’ म्हणजे नेमकं काय, हे समजायला माणसाला दीडशेहून अधिक वर्षं लागली. त्या शोधाची ही हकिकत.

बी आणि बेणं

आपल्या भाषेने एक फरक फार चांगला जपला आहे. भाताचं, ज्वारीचं ते बी. उसाचं, हळदीचं, बटाट्याचं ते बेणं. बी म्हणजे नवा जन्म; फुलातून, परागातून झालेला. बेणं म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. बटाट्यालाही टोमॅटोसारखी हिरवी बारीक फळं कधीकधी येतात आणि त्यांत बियाही असतात. पण शेतकरी त्या लावत नाही. तो डोळे असलेला कंद लावतो. म्हणजे या वर्षीचं झाड हे गेल्या वर्षीच्या झाडाचं लेकरू नव्हे, ते तेच झाड आहे.

यात सोय मोठी आहे. जात शुद्ध राहते, चव तीच राहते. पण आईच्या अंगात जो रोग असेल तोही तसाच पुढे जातो. बटाट्याचे बहुतेक विषाणू त्याच्या खऱ्या बियांत उतरत नाहीत. कंदात मात्र उतरतात आणि तिथे गुपचूप मुक्काम करतात. पुढल्या वर्षी कोंब फुटला की तेही जागे होतात. दर वर्षी शेतातली आणखी काही झाडं बाधित होतात, दर वर्षी उत्पन्न थोडं घटतं. असा हा चोर घरातच राहतो.

बटाट्याचा दुसरा मोठा शत्रू, करपा, याच्या अगदी उलट वागतो. १८४५ साली आयर्लंडमध्ये करप्याने शेतंच्या शेतं काळी केली आणि दुष्काळात लाखो माणसं मेली. तो दरोडेखोर, सगळ्या गावाला दिसतो. विषाणूचं काम भुरट्या चोराचं. तो वर्षाला थोडं थोडं नेतो, म्हणून त्याच्याविरुद्ध फिर्यादच उशिरा दाखल झाली.

म्हातारपणाचा सिद्धान्त

दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतून निघालेला बटाटा पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागला. ‘बटाटा’ हा शब्दही त्यांचाच. उत्तरेत त्याला आलू म्हणाले, आपण पोर्तुगीज नाव ठेवलं. युरोपात तो घराघरांत पोचला आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या शेतकऱ्यांना एक विचित्र गोष्ट जाणवू लागली. नवी आणलेली जात काही वर्षं भरपूर पिके, मग तिची पानं वळू लागत, झाडं खुजी होत आणि कंद सुपारीएवढे राहत.

कोणी दोष जमिनीला दिला, कोणी खताला, कोणी शेतकऱ्याच्या आळसाला. थॉमस अँड्र्यू नाइट या नामवंत बागायती तज्ज्ञाचं मत असं होतं, की माणसाप्रमाणे जातीलाही वय असतं. कलमाने आणि कंदाने वाढवलेली जात अखेर म्हातारी होते. हे म्हणणं पटण्यासारखं होतं आणि ते दीर्घकाळ टिकलं. पण एक गोष्ट त्यात बसत नव्हती. स्कॉटलंडच्या थंड, वाऱ्याच्या डोंगराळ भागातून तीच जात आणून लावली, की ती पुन्हा तरुणासारखी पिके. म्हातारपण डोंगरावर कसं थांबतं? शेतकऱ्यांनी उत्तराची वाट न पाहता स्कॉटलंडचं बेणं विकत घ्यायला सुरुवात केली. कारण कळण्याच्या कितीतरी आधी व्यवहाराने उपाय शोधला होता.

खेडचा बटाटा आणि मान साहेब

आपल्याकडेही अगदी हेच घडत होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात लावणीसाठी इटलीहून बटाटा येत असे. परक्या बेण्याबरोबर काय काय येऊ शकतं याचा धडा १९०६ साली मिळाला. इटलीच्या बेण्यातून बटाट्याची पाकोळी हिंदुस्थानात शिरली. साठवलेला बटाटा पोखरणारी ती अळी आजही शेतकऱ्याचा पिच्छा पुरवते आहे.

या काळात पुण्याच्या कृषी महाविद्यालयात डॉ. हॅरॉल्ड मान हे प्राचार्य होते. पुढे ते इलाख्याचे शेतकी संचालक झाले. पिंपळे सौदागर या तेव्हाच्या लहानशा खेड्याचा त्यांनी केलेला पाहणी-अभ्यास अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो. पण याच मानसाहेबांनी आपल्या मराठी सहकाऱ्यांबरोबर पश्चिम हिंदुस्थानातल्या बटाटा शेतीचीही बारकाईने तपासणी केली. त्यातलं एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं. शेतकरी बटाट्याच्या एका रोगाला ‘तांबेरा’ म्हणत. गव्हावरच्या तांबेऱ्यासारखी पानं लालसर, करपल्यासारखी होत, म्हणून तेच नाव. गव्हाचा तांबेरा ही बुरशी. मान, नागपूरकर आणि कुलकर्णी यांनी १९२० साली याविषयी लेख लिहिला, त्यात बटाट्याच्या तांबेऱ्याचा गुन्हेगार वेगळाच निघाला. तो होता साध्या डोळ्यांना न दिसणारा एक कोळी.

म्हणजे नाव एक, रोग दोन. लक्षण सारखं दिसलं म्हणून कारण सारखं नसतं. बटाट्याच्या विषाणूंच्या सगळ्या इतिहासाचं सार या एका उदाहरणात आहे. पण कोळी निदान भिंगाखाली दिसतो. जे भिंगातही दिसत नाही, त्याला पकडण्याचं साधन तेव्हा पुण्यात नव्हतं. खरं तर जगात कुठेच पुरतं तयार नव्हतं.

सुई, मावा आणि धोतरा

ते तयार होत होतं हॉलंड आणि इंग्लंडमध्ये. तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणारा रोग रसातून पसरतो हे अडोल्फ मायर यांनी १८८६ साली दाखवलं होतं. तो रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गेला तरी रोगट राहतो, हे रशियात इवानोव्स्की यांनी १८९२ मध्ये आणि हॉलंडमध्ये बायेरिंक यांनी १८९८ मध्ये सिद्ध केलं. विषाणू ही कल्पना अशी तंबाखूच्या पानावर जन्मली.

बटाट्याची पाळी १९१६ साली आली. वाखेनिंगन इथल्या क्वान्येर यांनी पानं गुंडाळलेल्या झाडाचं कलम निरोगी झाडावर बांधलं आणि निरोगी झाडाचीही पानं गुंडाळली. म्हणजे हे म्हातारपण नव्हतं. म्हातारपण कलमाने लागत नाही. १९२० मध्ये त्यांच्याच देशातल्या बोत्येस यांनी हा रोग मावा पसरवतो हे दाखवलं. स्कॉटलंडचं कोडं सुटलं. थंड आणि वादळी वाऱ्यात मावा टिकत नाही, म्हणून तिथलं बेणं निरोगी राहत होतं.

१९२५ मध्ये अमेरिकेत जेम्स जॉन्सन यांनी आणखी मोठा धक्का दिला. दिसायला ठणठणीत बटाट्याचा रस त्यांनी तंबाखूच्या पानाला लावला आणि तंबाखू आजारी पडला. ज्या झाडाला आपण निरोगी समजत होतो तेच रोग वाहत होतं. अंगात जंतू असून स्वतः आजारी न पडणारी माणसं असतात हे आपण करोनाच्या साथीत पाहिलं. बटाट्याने ते शंभर वर्षांपूर्वी शिकवलं होतं.

आता प्रश्न असा, की न दिसणाऱ्या या टोळीत माणसं किती? केंब्रिजच्या केनेथ स्मिथ यांनी १९३१ साली एक सुंदर युक्ती वापरली. सुरकुतलेल्या, ठिपके पडलेल्या बटाट्याचा रस त्यांनी सुईने टोचून तंबाखूत घातला. एक प्रकारची लक्षणं दिसली. त्याच बटाट्यावर मावा सोडला आणि तो मावा तंबाखूवर नेऊन बसवला. लक्षणं वेगळी आली. म्हणजे एकाच झाडात दोन विषाणू होते. एक मावा वाहून नेत होता, दुसरा नेत नव्हता. माव्याने जाणाऱ्याला नाव मिळालं ‘वाय’, न जाणाऱ्याला ‘एक्स’. दोघं एकत्र आले की पीक बसतं. एकटे असले तर नुकसान कमी.

उलट बाजूने वेगळं करायला आपल्या ओळखीची वनस्पती कामाला आली. धोतऱ्याच्या एका जातीला ‘एक्स’ लागतो, पण ‘वाय’ मुळीच लागत नाही. दोघांचं मिश्रण धोतऱ्यात घातलं की बाहेर नुसता ‘एक्स’ निघतो. महादेवाला वाहतो तो धोतरा असा विषाणूंची गाळणी झाला. बटणासारखी जांभळी फुलं येणारं गोम्फ्रेना बागेत सगळ्यांनी पाहिलं असेल. त्याच्या पानाला ‘एक्स’चा रस लावला तर लाल कडांचे गोल डाग उमटतात. अशा झाडांना दर्शक झाडं म्हणतात. कित्येक वर्षं बटाट्याच्या रोगांचं निदान या झाडांनी केलं.

नाव कळलं की उपाय कळतो

हे सगळं प्रयोगशाळेतलं कौतुक वाटेल, पण शेतकऱ्याचा पैसा इथेच वाचतो किंवा बुडतो. तीन मुख्य विषाणूंचे तीन स्वभाव पाहा.

‘एक्स’ स्पर्शाने पसरतो. बेणं कापायचा विळा, ट्रॅक्टरचं चाक, ओल्या पानांतून चालणाऱ्या माणसाचे कपडे यांतून तो पुढे जातो. त्याच्यावर कीटकनाशक मारणं म्हणजे पैसे मातीत घालणं. तिथे विळा धुणं आणि शेतात विनाकारण न हिंडणं हाच उपाय.

पानं गुंडाळणारा विषाणू सुईने टोचून जात नाही. त्याला मावाच लागतो आणि तोही सावकाश. माव्याने रोगट झाडावर तासन्‌तास रस प्यायला पाहिजे, मग विषाणू त्याच्या अंगात फिरून लाळेत यायला पुन्हा वेळ लागतो. एकदा आला की मावा जन्मभर तो वाहतो. इतका वेळ मिळतो म्हणून इथे कीटकनाशकाचा उपयोग होतो.

आणि ‘वाय’? मावा पानात सोंड खुपसून काही सेकंदांत ‘वाय’ उचलतो आणि शेजारच्या पानावर काही सेकंदांत सोडतो. औषधाने मावा मरतो, पण मरण्याआधी त्याने काम उरकलेलं असतं. म्हणून ‘वाय’विरुद्ध फवारणीची मदत फारच थोडी.

पानं वळलेली, झाड खुजं, कंद बारीक हे तिन्ही बाबतींत कमी-अधिक सारखंच दिसतं. पण एकावर विळा धुवायचा, दुसऱ्यावर फवारायचं आणि तिसऱ्यावर मावा यायच्या आत पीक काढून घ्यायचं. ओळख चुकली की उपाय चुकला.

एका विषाणूच्या आतही पुन्हा पोटजाती असतात. ‘वाय’चा साधा प्रकार तंबाखूवर ठिपके पाडतो, दुसरा प्रकार बटाट्यावर फारसं काही दाखवत नाही, पण तंबाखूच्या शिरा काळ्या करतो. १९८० च्या सुमारास हंगेरीत असा उपप्रकार सापडला, की तो चक्क कंदावर मेलेल्या पेशींची वलयं उठवतो. असा बटाटा बाजारात विकलाच जात नाही. डेल्टा आणि ओमायक्रॉन ही नावं आपण सगळ्यांनी ऐकली. बटाट्याच्या विषाणूंत तसंच आहे आणि दोन उपप्रकार एका झाडात भेटले तर त्यांची सरमिसळ होऊन तिसरा जन्मतो.

उपप्रकारांच्या नात्याचा एक सुंदर शोध केंब्रिजच्याच रेडक्लिफ सॅलमन यांनी १९३३ साली जाहीर केला. सॅलमन मूळचे डॉक्टर. क्षयाने आजारी पडल्यावर वैद्यकी सोडून खेड्यात राहायला गेले आणि छंद म्हणून बटाट्याकडे वळले. पुढे बटाट्याच्या विषाणूंसाठीच काढलेल्या संशोधन केंद्राचे ते प्रमुख झाले. त्यांना दिसलं, की ‘एक्स’चा सौम्य उपप्रकार आधी झाडात घातला तर नंतर आलेला जहाल ‘एक्स’ तिथे पाय रोवू शकत नाही. काट्याने काटा काढावा तसं. पण हे फक्त सख्ख्या भावांतच चालतं. ‘एक्स’ने ‘वाय’ अडत नाही. त्यामुळे दोन नमुने एकाच कुळातले की नाहीत, हे ठरवायला हीच एक कसोटी झाली.

वीस माव्यांचा हिशोब

आपल्याकडे वनस्पतींच्या विषाणूंच्या अभ्यासात पुण्याचा मान जुना आहे. १९४० साली उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी भेंडीवरच्या केवड्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. शिरा पिवळ्या पाडणारा तो रोग आजही प्रत्येक भेंडीवाल्याला ठाऊक आहे. पुढे भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुण्याच्या केंद्रात केळी, लिंबू, पपई अशा किती तरी पिकांचे विषाणू ओळखले गेले. हा केवडा लक्षात ठेवा. तो आपल्या गोष्टीत परत येणार आहे.

बटाट्यासाठी १९४९ साली पाटण्याला केंद्रीय बटाटा संशोधन संस्था निघाली आणि १९५६ मध्ये ती सिमल्याला गेली. सिमल्याला जाण्यामागे स्कॉटलंडचाच तर्क होता. डोंगरावर थंडी, मावा कमी, म्हणून बेणं निरोगी. ‘कुफरी’ हे ज्या जातींच्या नावात असतं ते गाव सिमल्याजवळचंच. कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी, कुफरी पुखराज ही नावं आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी असतात.

पण डोंगरावर जागा किती? आणि दुसरी अडचण अशी, की डोंगरावरचा बटाटा सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो. मैदानात लावणी तेव्हाच करायची असते. नुकता काढलेला कंद तर झोपलेला असतो. त्याला कोंबच फुटत नाही. देशाची गरज डोंगर भागवू शकत नव्हते आणि मैदानात निरोगी बेणं होणं शक्य नाही, असाच सगळ्यांचा समज होता.

हा समज डॉ. पुष्करनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात मोडला. त्यांचं हत्यार अगदी साधं होतं: मावा मोजणं. पानावरचा मावा आठवड्यामागून आठवडे मोजत गेल्यावर दिसलं, की उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत मावा जवळजवळ नसतोच. जानेवारीत तो वाढतो. म्हणजे निसर्गाने एक खिडकी उघडी ठेवली होती. ऑक्टोबरात तपासलेलं बेणं लावायचं, रोगट झाडं दिसताच उपटायची, डिसेंबरअखेर पाणी तोडायचं आणि शंभर संयुक्त पानांवर वीस मावे भरण्याच्या आत सगळा पाला कापून टाकायचा. पालाच नाही तर पानातून कंदात विषाणू उतरणार कसा? मग कंद जमिनीत काही दिवस साल पक्की व्हायला ठेवायचे आणि शीतगृहात भरायचे.

यात कोणतं महागडं यंत्र नाही. हे फक्त तिथीचं शास्त्र आहे; पण विषाणू कोण, त्याचं वाहन कोणतं आणि ते वाहन कधी धावतं हे कळल्याशिवाय ती तिथी काढता आली नसती. मैदानातला जालंधरचा परिसर देशाच्या बेण्याचं कोठार झाला. १९४९-५० मध्ये देशात सुमारे १५ लाख टन बटाटा होत असे; आज तो ५ कोटी टनांच्या वर गेला आहे आणि चीननंतर आपला क्रमांक लागतो. त्यात खत, पाणी, नव्या जाती, शीतगृहं यांचा वाटा आहेच. पण निरोगी बेणं नसतं तर बाकीचं सगळं गळक्या घड्यात ओतलेलं पाणी ठरलं असतं.

ओळखण्याची साधनंही बदलत गेली. शुद्ध केलेला विषाणू सशाला टोचायचा आणि त्याच्या रक्तातल्या प्रतिद्रव्यांनी विषाणू ओळखायचा, ही रीत आली. १९७७ साली क्लार्क आणि अ‍ॅडम्स यांनी ‘एलायझा’ ही रंग बदलणारी चाचणी वनस्पतींच्या विषाणूंसाठी वापरून दाखवली आणि एका दिवसात शेकडो नमुने तपासता येऊ लागले. मूळ बेणं तयार करताना एकेका कंदाचा एक डोळा काढून, तो जाळीच्या घरात रुजवून, त्याचं पान तपासतात. विषाणू निघाला तर तो कंद बाद. आता आरटीपीसीआर आहे, करोनाच्या घरगुती चाचणीसारखी पट्टीही आहे. तरी मुळात काम तेच, जे धोतऱ्याने केलं होतं.

जुन्या ओळखीचा नवा शत्रू

ही गोष्ट इथे सुखाने संपली असती, तर मी ती तुम्हाला सांगायला आलो नसतो. १९९९ साली हरियाणात हिसार भागात बटाट्याचे शेंडे वळू लागले. शेंड्याची पानं आखडलेली आणि ठिपक्यांची, झाड खुजं. मावा सोडून गेलेल्या काळात हे कोण करतंय? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जे कण दिसले ते जोडगोळीने, दोन-दोन चिकटलेले. ना ते ‘एक्स’, ना ‘वाय’, ना पानं गुंडाळणारा जुना विषाणू. जनुकं वाचल्यावर कळलं, की हा टोमॅटोची पानं वळवणाऱ्या विषाणूचाच एक उपप्रकार आहे. त्याचं कुळ तेच, ज्यात आपल्या भेंडीचा केवडा मोडतो. आणि त्याचं वाहन मावा नव्हे, पांढरी माशी.

आता पंचाईत पाहा. माव्याचा हिशोब सांगतो, लावणी लवकर करा आणि लवकर उरका. पण पांढरी माशी उबेची. ती सप्टेंबर-ऑक्टोबरातच जोरात असते. लवकर लावलं तर माशी, उशिरा लावलं तर मावा. पुष्करनाथांनी शोधलेल्या खिडकीची दोन्ही दारं आत सरकू लागली आहेत. थंडी उशिरा सुरू होते आणि लवकर आटोपते, असं जिथे होतं तिथे ती आणखी अरुंद होते. मध्य भारतात लवकर लावलेल्या बटाट्याचे देठ सुकवणारा आणखी एक विषाणू सापडला. तो मूळचा भुईमुगाचा आणि फुलकिडे त्याला आणतात. हवामान बदललं, लावणीची तारीख बदलली, की शेजारच्या पिकातला शत्रू आपल्या पिकात येतो.

म्हणून सातगाव पठारावरच्या शेतकऱ्याचा प्रश्न नुसता पठाराचा नाही. आपल्याकडे हिवाळा सौम्य असल्याने किडी बराच काळ टिकतात आणि पावसाळी पीक तर त्यांच्या ऐन दिवसांत वाढतं. शिवाय उन्हाळ्याच्या काहिलीत बेणं राखणं कठीण. पावसाळी बटाट्याचा आणि पाकोळीचा अभ्यास करण्यासाठी केंद्रीय संस्थेने राजगुरुनगरला केंद्र चालवलं, ते या वेगळेपणामुळेच. घरचं बेणं बिघडतं हे शेतकऱ्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. त्याच्या आजोबाला मात्र कोणी सांगितलं असेल, की तुझी जमीन थकली. कोणी सांगितलं असेल, की तू खत कमी घालतोस. तो निर्दोष होता, हे विषाणूशास्त्राने सिद्ध केलं.

पण त्याची पराधीनता संपलेली नाही. पंजाबात एखाद्या वर्षी रोग वाढला, शीतगृहात भाव चढला, तर मंचरला त्याचा खिसा कापला जातो. यातून वाटा आहेत. ऊतिसंवर्धनाने विषाणूमुक्त रोपं करता येतात. फ्रान्समधल्या मोरेल आणि मार्टिन यांनी शेंड्याचा अगदी टोकाचा कण वाढवून बटाटा विषाणूमुक्त करून दाखवला त्याला १९५५ पासून किती वर्षं लोटली! जाळीच्या घरात, मातीशिवाय हवेत मुळं वाढवून बारीक कंद काढण्याचं तंत्र सिमल्याच्या संस्थेने विकसित केलं आहे. महाराष्ट्रात हे मोठ्या प्रमाणावर उभं राहिलं तर निदान बेण्याची पहिली पिढी आपल्या घरची होईल.

तोवर एक गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे. बेणं घेताना आपण जात विचारतो, आकार पाहतो, भाव करतो. त्याबरोबर ते प्रमाणित आहे का, कोणत्या विषाणूंसाठी ते तपासलं आहे आणि ते कितव्या पिढीचं आहे, हेही विचारायला हवं. बटाट्याला लागलेला विषाणू शेतात कोणत्याही औषधाने बरा होत नाही. त्याला दाराबाहेर ठेवणं एवढंच आपल्या हातात आहे आणि त्यासाठी तो कोण हे दारातच ओळखावं लागतं.